आकाशात ऐकायचे कुणाचे?

विमानांची टक्कर टळली की बातमीत 'वैमानिकाचे प्रसंगावधान' हे शब्द हमखास येतात. खरे तर अशा क्षणी वैमानिकाने स्वतःची अक्कल फारशी चालवायचीच नसते. कॉकपिटमधली टीसीएएस, म्हणजे टक्कर टाळणारी यंत्रणा 'वर चढा' म्हणाली की चढायचे, जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रक काहीही सांगो. समोरच्या विमानातल्या यंत्राशी तिचे आधीच ठरलेले असते: एकाने वर, दुसऱ्याने खाली.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगनजवळ रशियन तुपोलेव्हच्या वैमानिकांना यंत्र 'चढा' सांगत होते, झुरिचचा नियंत्रक 'उतरा'. त्यांनी माणसाचे ऐकले. समोरचे मालवाहू बोइंग यंत्राचे ऐकून खालीच येत होते. ७१ जण गेले, त्यांत बरीच शाळकरी मुले. (नियंत्रकाला दोष देणे सोपे, बिचारा एकटा दोन जागा सांभाळत होता.) आपल्याकडे १९९६ मध्ये हरियाणात चरखी दादरीला दोन विमानांच्या टकरीत ३४९ बळी गेले, तेव्हा तर दोन्ही विमानांत ही यंत्रणाच नव्हती, त्यानंतर ती सक्तीची झाली.

पुढच्या वेळी अशी बातमी देताना वैमानिकांनी यंत्राचा आदेश पाळला की नाही, एवढे तरी जरूर छापा.

– एक वाचक, पुणे