तेरची बाई नेपल्सला

मुरूड (जि. लातूर)
२३ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

रामराम. पत्र कशाला, फोन कर की, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या पोरानं केलेली 'जगातली अनोखी ऐतिहासिक ठिकाणं' ही यादी वाचली. सतरा नावं! इटलीत राहणार बारा दिवस, आणि यादीत तुर्कस्तानपासून इथिओपियापर्यंत सगळं. इथिओपियातल्या लालिबेलापुढं तू स्वतःच्या हातानं लिहिलंयस, 'वरून खाली खोदत आणलेली ११ चर्च, असं दुसरं कुठं नाही.' हसावं का रडावं कळेना. अरे लेका, सातवीच्या सहलीत वेरूळला कैलासापुढं उलटी कुणी केली होती? ते लेणं कळसाकडून पायाकडंच खोदत आणलंय, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात, आठव्या शतकात. लालिबेलाच्या चार-पाचशे वर्षं आधी. आणि त्याच हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक पोरगा पुढं निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, जमिनीखालून नहर खेळवून शहराला पाणी पाजलं. मलिक अंबर. १६२६ मध्ये गेला. कबर खुलताबादला आहे, वेरूळच्या घाटावर. तिथं तू उतरलाही नव्हतास, पोटात मळमळत होतं म्हणून.

असो. यादीतल्या पॉम्पेईला मात्र जाच. सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि अख्खं गाव राखेत गाडलं गेलं, हे तुला पोरानं सांगितलं असेल. पुढचं मी सांगतो. १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची एक बाई सापडली. वीतभराहून जरा उंच. गळ्यात, कमरेला, हातापायांत दागिनेच दागिने, अंगावर बाकी काही नाही, शेजारी दोन छोट्या दासी. इटलीवाले तिला लक्ष्मी म्हणाले. आता बरेच जाणकार यक्षी म्हणतात. डोक्यावर भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ असावी असं काहींना वाटतं, काहींना एखाद्या चौरंगाचा पाय वाटतो.

आता नीट ऐक. तशीच हस्तिदंती बाई आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडली आहे. ती हिच्याहून लहान, पण बहीण शोभावी अशी. जालन्याकडं भोकरदनलाही त्याच घडणीची निघाली. मग पॉम्पेईची बाई आपल्याकडूनच गेली का? छाती ठोकून नाही म्हणता येत. तिच्या पायाखाली खरोष्ठी अक्षर कोरलंय आणि ती लिपी पार वायव्येकडची. पण माझं मन विचारशील तर मी तिला तेरचीच धरून बसलोय. तेरणाकाठच्या माणसानं एवढा पक्षपात करायला हरकत नाही.

कारण माल तर जातच होता. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाच्या पुस्तकात लिहून ठेवलंय, गुजरातेतल्या भडोच बंदराहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. तिथलं जाडंभरडं कापड, मलमल, सगळं गाड्यांतून भडोचला जायचं, तेही रस्ताच नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून. ढोकीहून तेरला मोटारसायकलवर जाताना मला हे वाक्य दर खड्ड्याला आठवलं. तगर म्हणजेच तेर, हे १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज पंडितानं मांडलं. आपण मात्र तेरला फक्त गोरोबाकाकांच्या दर्शनाला जायचो आणि देवळाबाहेर पेरू खायचो.

परवा भाच्याला घेऊन पुन्हा गेलो. रामलिंगप्पा लामतुरे हे गावचेच गृहस्थ, त्यांनी मातीतून निघालेलं एकेक जमवत आयुष्य घालवलं. त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. मणी, दिवे, रोमन नाण्यांची नक्कल करून केलेली मातीची पदकं. गळ्यात घालायला बायांना परदेशी फॅशन लागायची म्हण ना! उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकटही तिथंच. त्रिविक्रमाचं देऊळ हत्तीच्या पाठीसारखं मागून गोल आहे. ते मुळात बौद्धांचं चैत्यगृह होतं असं मानतात.

पण भाचा हरखला तो विटेवर. एका ओळखीच्याच्या वाड्यात जुनी अर्धी वीट पडली होती. त्यानं ती हौदात टाकली. एक गटांगळी खाल्ली आणि वर आली, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखी अर्धी बाहेर. मी हातात घेतली तर भोपळ्याएवढी हलकी. मोडलेल्या कडेला तुसाच्या बारीक रेघा दिसत होत्या. मातीत तूस मळून भाजायचे. तूस जळून जायचं आणि आत पोकळ्या राहायच्या, म्हणून तरंगते. भाचा तास-दीड तास तीच बुडवत बसला. शेवटी घरधनी म्हणाला, "आता बास कर की रे, तिला लई वर्षांनी आंघोळ घडाली."

त्याच घरधन्यानं सांगितलं, गावाखालची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उपसली. कुणी शेतात टाकली, कुणी माळवदावर. आपल्या आज्जीनं माळवद शाकारायला पाटीनं पांढरी माती टाकलेली आठवते? तिच्यातून एकदा निळा मणी निघाला होता आणि तू तो माझ्याकडून गोट्यांत जिंकला होतास. आमच्या वाड्याला ती माती कुठून यायची देव जाणे, पण तेरहून परतताना वाटभर मला तो मणी दिसत होता. आहे का अजून? नसणारच. तू तो विहिरीत टाकला असशील.

तर काम एवढंच. ती बाई पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या संग्रहालयात आहे, तिथल्या 'गुप्त दालना'त. उघड्यावाघड्या वस्तू तिथं ठेवल्यात. पूर्वी बायकापोरांना आत सोडत नसत. आता सोडतात, तेव्हा वहिनींना बाहेर बाकड्यावर बसवून एकटाच आत शिरू नकोस. फोटोही त्यांनाच काढू दे, तुझ्या फोटोत नेहमी बोट येतं. समोरून नको, पाठीमागून हवा, वेणीचा. तेरच्या बाईची वेणी मी बघून ठेवलीय. दोन्ही शेजारी ठेवून बघायच्यात.

डिसेंबर सरता सरता आमच्या रानात हुरडा येईल. तोवर परत ये. आगटी मी पेटवतो, गूळ अन् शेंगदाण्याची चटणी तुझ्याकडं.

तुझा,
बालाजी