फॉलोअरचा रकाना काढून टाका

मा. संपादक,
स. न.

स्वतःची गाणी करणाऱ्या मराठी बँडला कॉलेज फेस्टिव्हलवाले असोत की कॅफेवाले, कार्यक्रमाच्या अर्जात पहिला प्रश्न विचारतात तो ‘इन्स्टावर फॉलोअर किती?’ गाणी ऐकायची पाळी त्यानंतर, तीही आली तर. मग काही बँड फॉलोअर विकत घेतात आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात. रील पुढे किती जणांना दाखवायचे हे इन्स्टाग्राम ठरवते ते लोक ते किती वेळ पाहतात, लाइक करतात का आणि दुसऱ्याला पाठवतात का यावर. अनोळखी लोकांपर्यंत पोहोचायला पाठवण्याला अधिक वजन असते, असे इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीच सांगितले आहे. विकतचा फॉलोअर यातले काहीच करत नाही. नुसती गर्दी वाढवतो.

आयोजकांनी आकडा विचारायचाच असेल तर शहराचा विचारावा. इन्स्टाच्या प्रोफेशनल अकाउंटच्या इनसाइट्समध्ये (आकडेवारीत) आणि ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या अ‍ॅपमध्ये श्रोते कुठल्या शहरांतले आहेत ते दिसते. नाशिकच्या कार्यक्रमाला नाशिकचे तीनशे श्रोते हे कुठल्या कुठल्या दहा हजारांहून मोलाचे. (स्क्रीनशॉट नको, स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. स्क्रीनशॉटवर शून्य वाढवायला वेळ लागत नाही.)

आता बँडविषयी. बहुतेक रील पडतात ती आवाजामुळे. तालमीत फोन समोर ठेवून शूट केले की ड्रमचा दणका बसताच फोन आपोआप आवाज दाबतो आणि गायक गायब होतो. चित्रीकरण फोनवर करा, पण आवाज मिक्सरमधून ऑडिओ इंटरफेसवर (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या डब्यावर) किंवा रेकॉर्डरवर घ्या. सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या, शून्याच्या वर तो फाटतो. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली की एडिटिंगमध्ये चित्र आणि आवाज तिच्यावर जुळवता येतात. मिक्स हेडफोनवर आवडला तरी फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे बेस गिटारचे खालचे सूर वाजतच नाहीत. बेसला थोडे डिस्टॉर्शन (आवाजाला खरखरीतपणा) दिले तर ती ऐकू येते.

फ्रेम उभी, १०८० बाय १९२० पिक्सेल. गाण्याचे शब्द देवनागरीत द्या, पण तळाशी नको. तिथे कॅप्शन आणि बटणे येतात. वीस सेकंदांचा इंट्रो कितीही लाडका असला तरी रील थेट ध्रुवपदावर सुरू करा. एकाच गाण्याचे वेगवेगळ्या ओळींचे तीन-चार तुकडे काढा. कुठली ओळ लोक उचलतील याचा अंदाज ती लिहिणाऱ्यालाही नसतो.

गाणे डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर चढवणाऱ्या कंपनीकडे) तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवले तर फॉलोअरांच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत येते. २०२४ पासून १२ महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथे ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. म्हणून ‘खात्रीशीर स्ट्रीम’ विकणाऱ्यांचे फावते. बॉट (गाणे खोटे ऐकणारे प्रोग्रॅम) पकडले गेले की दंड डिस्ट्रिब्युटरला होतो, तो बँडच्या माथी मारला जाऊ शकतो आणि गाणेही उतरवले जाऊ शकते. गाण्यात फुकट मिळालेला लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा) वापरला असेल तर ते यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणे आपोआप ओळखून मालकाच्या नावाने दावा करणाऱ्या यंत्रणेत, नोंदवू नका. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्याच कुणाच्या तरी व्हिडिओवर तुमच्या नावाने दावा जातो, आणि भांडण सुरू.

बँडच्या नावाचे रोमन स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. हे सांगायला लागू नये, पण लागते.

कार्यक्रमाला आलेल्या माणसाला पुन्हा गाठायला व्हॉट्सअ‍ॅप बरे. मात्र ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणच मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप मिळतो. चॅनलला ही अडचण नाही, शिवाय फॉलोअरांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. त्याचा क्यूआर कोड स्टेजशेजारी लावा आणि शेवटच्या गाण्याच्या आधी त्याची आठवण करून द्या. नंतर लोक पार्किंगकडे निघालेले असतात.

आयोजकांना एकच विनंती. अर्जातला फॉलोअरचा रकाना काढून तिथे दोन रकाने घाला: ‘आमच्या शहरातले श्रोते’ आणि ‘थेट वादनाचा न कापलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ’.

– एक ध्वनिमुद्रक, पुणे