कॉमेंट तपासणे हाही प्रोजेक्टच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षा नुकत्याच झाल्या. माझ्या एका विद्यार्थिनीने लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मेमरी मॅनेजमेंटमधल्या कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, कोडशी ताडून पाहण्याचे काम घेतले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सुरुवातीलाच विचारले, ‘‘नुसत्या कॉमेंट वाचल्या, यात प्रोजेक्ट कुठे आला?’’ हा प्रश्न या ना त्या रूपात दरवर्षी कानावर येतो, म्हणून हे पत्र.

कर्नलमधले ‘फाइंड व्हीएमए’ हे फंक्शन घ्या. प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) मेमरीतला पत्ता दिला की तो ज्या भागात येतो तो भाग मिळेल, असे नावावरून कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पत्ता दोन भागांमधल्या मोकळ्या जागेत पडला, तर हे फंक्शन त्याच्या पुढचा भाग हातात ठेवते. मिळालेला भाग त्या पत्त्याच्या पुढे तर सुरू होत नाही ना, हे ते वापरणाऱ्यानेच बघायचे असते. फंक्शनवरच्या कॉमेंटमध्ये हे एका ओळीत सांगितलेले आहे. ती ओळ नजरेतून सुटली तरी कोड बिनतक्रार कंपाइल होतो (यंत्राच्या भाषेत बदलला जातो), चाचणीतही बहुतेक वेळा पास होतो आणि एखाद्या दिवशी भलत्याच मेमरीला हात घालतो. कर्नलमध्ये अशी चूक थेट सुरक्षेवर बेतू शकते. पुढे पत्ता खरोखर आत असेल तरच भाग देणारे वेगळे फंक्शन आले, ते बरे झाले.

कुलपांचे, म्हणजे एकाच वेळी अनेकांनी तीच माहिती बदलू नये म्हणून घ्यायच्या ‘लॉक’चे, तर विचारूच नका. 2020 साली कर्नलच्या 5.8 आवृत्तीत ‘एममॅप सेम’ या कुलपाचे नाव ‘एममॅप लॉक’ झाले, तेव्हा कॉमेंटमधली जुनी नावे बदलण्यासाठी स्वतंत्र पॅच (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) केला गेला. ‘आधी हे कुलूप घेतलेले असावे’ ही अट पुष्कळदा फक्त कॉमेंटमध्येच असते आणि कंपायलर कॉमेंट वाचत नाही. काही फंक्शनांत ती तपासणारी ओळ कोडमध्येच घातली आहे. इतर ठिकाणी सगळी भिस्त वाचणाऱ्यावर.

त्याच आवृत्तीत स्वॉपिनेसची, म्हणजे मेमरी मोकळी करताना कर्नलने स्वॅपकडे (मेमरीतला मजकूर हलवून ठेवण्याच्या जागेकडे) किती झुकावे हे ठरवणाऱ्या आकड्याची, कमाल मर्यादा 100 वरून 200 झाली. झेडरॅमसारखा (मेमरीतच दाबून ठेवलेला) स्वॅप डिस्कपेक्षा वेगवान असेल, तर कर्नलला स्वॅपकडे जास्त झुकवता यावे, हा हेतू. वर्गात फिरणाऱ्या नोट्समध्ये मात्र अजून 100 च आहे.

कॉमेंटमधले पॅरामीटरचे नाव कोडशी जुळत नसेल तर कर्नलसोबत येणारी ‘कर्नल-डॉक’ ही स्क्रिप्ट ते दाखवते. वाक्याचा अर्थ खरा आहे का, हे तिला कळत नाही. त्यासाठी फंक्शन कुठून कुठून बोलावले जाते, कोणते कुलूप कोण सोडते, हे शोधत बसावे लागते. माझ्या मते नवे ‘अटेंडन्स ॲप’ बनवण्यापेक्षा यात विद्यार्थी कितीतरी जास्त शिकतो. स्पेलिंगच्या चुका सुधारून पॅचचा ढीग पाठवणे मात्र या कामात धरू नये. मेंटेनरचा (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याचा) वेळ त्यात फुकट जातो.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती, की अशा कामाला प्रोजेक्टचे पूर्ण गुण मिळण्याची तरतूद करावी. परीक्षकांनी पॅच, त्यावर मेंटेनरशी झालेला पत्रव्यवहार आणि जुनी कॉमेंट चूक का होती याचे विद्यार्थ्याने लिहिलेले टिपण मागावे.

— ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणारी एक प्राध्यापिका, पुणे