माळ्यावरचा तंबू

पुणे, ७ सप्टेंबर

चि. सईस अनेक आशीर्वाद.

"बाबा, माळ्यावरचा तंबू तेवढा कुरियर करा," असं तू म्हणालीस. करणारच होतो, पण न उघडता काही पाठवणं माझ्या हातून होत नाही. आयुष्य मेंटेनन्समध्ये गेलं, त्याची खोड. दुपारी हॉलमध्ये पिशवीची नाडी सोडली आणि तुझी आई नाकाला पदर लावून गॅलरीत गेली.

गेल्या जुलैत राजमाचीहून आलीस तेव्हा तो ओलाच गुंडाळलेला होता. मीही न बघता वर टाकला, म्हणजे दोघंही सारखेच दोषी. वरच्या कापडाचा आतला लेप चिरलेल्या भेंडीसारखा बुळबुळीत झालाय. लेप पॉलियुरेथेनचा असतो. ओलाव्यात घडी घालून महिनोन्महिने पडला की तो आतून तुटत जातो आणि मग पाणी अडवायचं सोडून नुसता चिकटतो. जुना लेप काढून नवा देणारे आहेत, पण त्या डागडुजीच्या भरवशावर मी तुला ऑक्टोबरात हिमाचलात स्पितीला सोडणार नाही. तेव्हा तंबू येत नाहीये. नवा घे.

घेताना "चार माणसांचा" लिहिलं असेल तर दोन माणसं आणि त्यांच्या सॅका एवढंच समज. कांड्या अ‍ॅल्युमिनियमच्या बघ. फायबरच्या थंडीत कडक होतात आणि वाऱ्यात उभ्या चिरतात. कापडावर मिलिमीटरमध्ये जो आकडा असतो, तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते पेलतं. आपल्या मावळातल्या पावसाला मी ३००० च्या खाली जाणार नाही. पण स्पिती पर्जन्यछायेत आहे. तिथे तुझी गाठ पावसापेक्षा वाऱ्याशी, म्हणून आकड्यावर पैसे घालवण्याआधी तणावे किती बांधता येतात आणि शिवणीला ते जिथे जोडलेत तिथे दुहेरी कापड आहे का, ते ओढून बघ. दुकानदार बघत असला तरी ओढ. आणि घरी आणलास की गच्चीवर रात्री टॉर्चच्या उजेडात एकदा लाव. खुंट्या कमी निघाल्या तर चंदीगडात मिळतील, स्पितीतल्या लोसर गावात कुठे शोधशील?

स्लीपिंग बॅगवर तीन तापमानं छापलेली असतात. त्यातला सगळ्यात थंड आकडा नुसता जीव वाचण्यापुरता. तू "कम्फर्ट" बघ. तो सर्वसाधारण बाईला नीट झोप लागेल असा धरतात. "लिमिट" पुरुषाच्या हिशेबाने असतं. तुझी जुनी बॅग मी पाठवतोय, पण तिच्या छोट्या पिशवीत कोंबून नाही. वर्षभर दाबून ठेवली की आतलं भरण बसतं आणि ऊब जाते. तिला आईच्या जुन्या उशीच्या अभ्र्यांची सैल पिशवी शिवली आहे. घरी असताना त्यातच ठेव.

गॅसचा डबा कुरियरवाला घेत नाही, तो तिकडेच घे. नुसता ब्यूटेनचा नको. ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं थांबतो. सकाळी चहाला शेगडी नुसती खोकत राहील. प्रोपेन मिसळलेला मिळतो, तो घे. तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही, हे लहानपणापासून सांगतोय, परत सांगत नाही.

आता गाडी. सेकंडहँड घेतलीस, बरं केलंस, पण स्टेपनी बघितलीस का? कुणीच बघत नाही. टायरच्या कडेला लांबट चौकोनात चार आकडे असतात. ३५१६ म्हणजे २०१६ सालचा ३५वा आठवडा. न वापरलेला टायरही म्हातारा होतो. नक्षी कोरी करकरीत असली तरी बाजूला बारीक भेगा दिसल्या तर बदल. चिखलात हवा ३२ वरून २२ पर्यंत उतरवली की टायर जास्त पसरतो आणि पकड येते, पण मग वेग कमी ठेवायचा आणि डांबरीला लागण्याआधी परत भरायची. म्हणून हवेचा पंप गाडीत हवाच. तो गॅरेजमध्ये नाही, गाडी दाराशी उभी असताना स्वतः चालवून बघ. फ्यूज जातो तो असल्याच वेळी.

आम्ही एकदा केळदच्या पुढे, मढे घाटाच्या वाटेवर जीप पंक्चर करून बसलो होतो. जॅक लावला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच चिखलात खाली. दोनदा काढला, दोनदा बुडाला. तुझी आई स्वयंपाकाला बसायला घरचा सागवानी पाट घेऊन आली होती. मी त्याच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. पाट गेला जॅकखाली आणि गाडी उचलली. त्या रात्री पिठलं उभ्याने झालं.

ओढायला दोर म्हणशील तर बोहरी आळीतला सुतळीछाप दोर नको. ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा घे, त्यावर किती टनांचा आहे ते लिहिलेलं असतं. गाडीच्या पुढे स्क्रूने बसतो तो हुक हळूहळू ओढण्यापुरता आहे, हिसका द्यायला नाही. आणि ओढताना तुम्ही सगळे लांब उभे राहा.

पार्सलमध्ये स्लीपिंग बॅग, टायरची हवा मोजायचा माझा गेज (परत हवा आहे) आणि तळाला तो पाट आहे. पाटावर जॅकचा गोल वण दिसेल. ती बाजू वर ठेव, जॅक तिथे बरोबर बसतो.

तुझा,
बाबा

ता. क. डिंकाच्या लाडवांचा डबा स्टीलचा आहे. आई म्हणते, झाकणासकट आण.