दुसरं मांजर मिळता मिळत नाही

ति. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारता, 'आली का दुसरी?' मी सांगायला लागते, तोवर बाबा 'रस्त्यावरचं एखादं उचल की' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहायला बसले.

बाबा, उचललं असतं हो. पण एकटं दिसलेलं पिल्लू टाकलेलंच असतं असं नाही, बऱ्याचदा आई भक्ष्य शोधायला गेलेली असते. शिवाय घरात भुरी आहे. पॅनल्युकोपेनिया नावाचा आजार पिल्लांना बघता बघता संपवतो आणि त्याचा विषाणू फरशीवर, चादरीत वर्षभरसुद्धा तग धरतो. भुरीची लस झाली आहे, तरी नवं मांजर आलं की आधी रक्ताची तपासणी आणि निदान दोन आठवडे बंद दाराआड वेगळं ठेवणं आलंच. माझ्याकडे बंद करता येईल असं दार बाथरूमचंच!

मांजरं दत्तक देणाऱ्या संस्थांचं तर विचारूच नका. एक म्हणते, पिल्लू एकटं देत नाही, जोडीच न्या. दुसरी म्हणते, तुमची मांजर सात वर्षांची, तिला पिल्लाचा धिंगाणा झेपणार नाही. तिसरीला दिवसभर घरात माणूस हवं. घरमालकांचं पत्र आणा, खिडक्यांना जाळ्या लावा, शी-शूचे ट्रे दोन मांजरांना तीन ठेवा. जाळ्या लावून फोटो पाठवले तेव्हा कळलं, ते पिल्लू कधीच दुसऱ्याकडे गेलं. अगदी रडायला आलं. त्यांचं म्हणणं चूक नाही, दिलेली मांजरं महिन्याभरात परत आणून टाकणारे लोक त्यांनी पाहिलेत. पण मग फॉर्म भरायच्या आधीच सांगा ना!

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: 'लग्न झाल्यास मांजराचं काय कराल?' आई, तुझीच आठवण झाली. तू तोच उलटा विचारतेस.

आता एक बोका जमेल असं वाटतंय. चारेक वर्षांचा, काळा-पांढरा, एका डोळ्याने अधू, म्हणून त्याला कोणी नेत नाही. माझ्या पिशवीच्या पट्ट्याला भुरीचे केस चिकटलेले असतात. तो पट्टा त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगला आणि शेवटी त्यावरच गाल घासला. संस्थेतल्या बाईंनी त्याच्या अंथरुणातलं फडकं दिलं, भुरीला वासाची सवय व्हावी म्हणून. भुरी त्या फडक्यावर फिस्कारली आणि पाठ करून बसली. बाई म्हणतात, पंजा मारला नाही हे चांगलं लक्षण आहे. मला तरी त्यात काही चांगलं दिसलं नाही, पण त्यांचा अनुभव मोठा.

आता मुद्द्याचं. मी आजारी पडले किंवा बाहेरगावी गेले तर मांजरं कोण बघेल, या रकान्यात मी तुमचं नाव दिलंय. विचारायला हवं होतं, कळतंय मला. बाबा, अनोळखी नंबर दिसला की तुम्ही फोन कापता, तो या आठवड्यात कापू नका. आणि आई, बाई सहज विचारल्यासारखं करतील, 'तुम्हाला मांजरं आवडतात का?' तेव्हा दुधाचं पातेलं आणि मागची खिडकी ही गोष्ट काढू नकोस. 'हो' म्हण आणि फोन बाबांकडे दे.

तुमची,
छकुली