बोटीवर राहायला निघण्याआधी इन्शुरन्सचा कागद वाचा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला 'घर विका, कॅरिबियनमध्ये शिडाच्या बोटीवर राहा' टाइपचा लेख वाचला. फोटो झकास, पण पेपर घरी पडल्यावर तासाभरात भाच्याचा फोन, मामा आम्ही पण येतो, फ्लॅटला गिऱ्हाईक बघतोय! म्हणून हे लिहायला बसलो. मर्चंट नेव्हीतून रिटायर झाल्यावर मी आणि बायको कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावर एका सेकंडहँड ३६ फुटी बोटीवर राहतो, त्यामुळे थोडंफार बोलायचा हक्क आहे असं समजतो.

लेख म्हणतो घरभाडं नाही, वाऱ्यावर फुकट फिरा. अहो पण फिरतंय कोण? नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन २००९-१० मध्ये एकटे जगप्रदक्षिणा करून आले, लोकांना वाटतं आमचंही तसलंच काहीतरी चालू असतं. आम्ही बहुतेक वेळ ग्रेनेडातल्याच वोबर्नच्या खाडीत नांगर टाकून पडलेले असतो आणि मी टॉयलेटचा पंप खोलून बसलेला असतो. पाणी डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, कॅनने आणायचं, भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी तांब्याभर गोड्या पाण्यात विसळायची. त्यात सरगॅसम नावाचं शेवाळ वाहून येतं, ते कुजलं की सडक्या अंड्यांचा वास, आणि बायकोची चांदीची जोडवी आठवड्यात काळीठिक्कर.

हे सगळं चालतं हो, सवय होते. लेखात गाळलेली खरी गोष्ट म्हणजे वादळ. १ जून ते ३० नोव्हेंबर तिकडे हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा सीझन, ग्रेनेडा साधारण १२ अंश उत्तरेला, म्हणजे आपल्या मंगळूरच्याही खाली, त्यामुळे इतक्या दक्षिणेला सहसा वादळ येत नाही म्हणून सगळे बोटवाले सीझनला तिथेच जमतात आणि इन्शुरन्सवालेही तेच धरून चालतात. सहसा! २००४ ला आयव्हन आलंच होतं, बेटावरची बहुतेक घरं मोडली होती, पण वीस वर्षांत लोक विसरले.

मग २०२४ चं बेरिल. २९ जूनला संध्याकाळी आम्ही नांगर उचलला आणि ट्रिनिदादकडे सुटलो, ८० सागरी मैल, सोळा-सतरा तास, बायको रात्रभर उलट्या करतेय आणि मी मागे वळून बघतोय. शेजारच्या बोटीवरचा कॅनडियन म्हातारा मात्र वर उत्तरेला ग्रेनेडाच्याच कॅरियाकू बेटावर गेला, टायरेल बेच्या तिवरांत, वादळात बोटी लपवायची जुनी जागा, मुळांना दहा-बारा दोर बांधून स्वतः किनाऱ्यावर गेला. १ जुलैला सकाळी बेरिल कॅटेगरी ४ (पाचपैकी) होऊन नेमकं कॅरियाकूवरच आदळलं, ताशी २४० किलोमीटर वारा, ग्रेनेडाचे पंतप्रधान म्हणाले अर्ध्या तासात बेट सपाट झालं. म्हातारा वाचला. त्याची बोट नंतर फोटोत दिसली, डोलकाठी मोडलेली, दुसऱ्या दोन बोटींच्या अंगावर आडवी चढलेली, आणि एक दोर अजून मुळाला घट्ट बांधलेला. गाठ सुटलीच नव्हती, बोटीवरचा खुंटाच उपटून निघाला होता.

त्याच्या पॉलिसीत बेरिलसारख्या नाव दिलेल्या वादळाचा वेगळा क्लॉज होता, नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा मालकाने सोसायचा. त्याने तो आधी कधी नीट वाचलाच नव्हता. खरं सांगायचं तर मीही माझा कागद त्यानंतरच वाचला.

आता आम्ही जूनमध्ये बोट यार्डात स्टँडवर चढवतो आणि पावसाळ्याला ठाण्याला येतो, म्हणजे यार्डाचं भाडं, विमानाचं तिकीट, बुडाला रंग, सगळं आलंच. फुकट कसलं.

भाच्याला सांगितलंय, फ्लॅट विकू नकोस, भाड्याने दे, आणि जानेवारीत तीन आठवडे ये. आणि येताना पंपाचं रबरी किट घेऊन ये, तिकडे दुप्पट पैसे पडतात.

आपला एक वाचक,
ठाणे