९६ तासांनंतर माशाचे काय होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात येऊन मला बेचाळीस वर्षे झाली, तरी महिन्यातून एकदा गणेश पेठेच्या मासळी बाजारात गेल्याशिवाय करमत नाही. पूर्वी तिथली मासेवाली लांबूनच हाक मारायची, "या ताई, खाडीचं आहे!" खाडीची बोय, खाडीची चिंबोरी, खाडीचा जिताडा म्हटले की दोन पैसे जास्त मोजायला कोणी कुरकुरत नसे. गेल्या महिन्यात त्याच ओट्यावर तिची सून मला शपथेवर सांगत होती, "घ्या हो काकू, खाडीचं नाही, बाहेरचं आहे." ताईची काकू झाले, त्याचे काही वाटत नाही. पण जो शब्द उच्चारून माल खपायचा, तोच आता नाकारल्याशिवाय खपत नाही, हे मनाला लागले. म्हणून हे पत्र.

माझे माहेर कोकणातल्या एका खाडीकाठी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. हीच कथा आपापल्या खाडीची म्हणून सांगतील अशी गावे पालघरपासून रत्नागिरीपर्यंत पुष्कळ आहेत. आपल्या वृत्तपत्रात पावसाळ्याच्या तोंडाशी एक बातमी बहुधा येतेच. गाव बदलते, मजकूर तोच: खाडीत मृत माशांचा खच, ग्रामस्थ संतप्त, पाण्याचे नमुने घेतले, अहवाल आल्यावर कारवाई. मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे अशी कात्रणे जपायची खोड आहे. नमुने घेतल्याची कात्रणे फायलीत जाडजूड झाली आहेत. अहवालात काय निघाले, याचे एकही नाही.

तरीही माझी खरी तक्रार अहवालाबद्दल नाही. किती मासे मेले यावरून खाडीचा निकाल लावायची जी सवय आपल्याला, वाचकांना, वार्ताहरांना आणि सरकारलाही लागली आहे, तिच्याबद्दल आहे.

ही सवय कायद्यातच आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत सांडपाण्याची जी मानके दिली आहेत, त्यांत माशांची एक परीक्षा आहे. कारखान्याच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात, दुसरे पाणी न मिसळता, मासे सोडायचे. ९६ तासांनी त्यांतले ९० टक्के जिवंत असले की पाणी उत्तीर्ण. चार दिवस! पाचव्या दिवशी त्या माशाचे काय झाले, त्याने अंडी घातली का, अंड्यांतून काही निघाले का, हे कोणी विचारत नाही. त्याच तक्त्यात आणखी एक गंमत आहे. नदीत सोडायच्या पाण्याला जैविक प्राणवायू मागणीची, म्हणजे बीओडीची (घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल त्या मापाची), मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. समुद्रकिनाऱ्याला सोडायचे तर १००. जस्ताला नदीसाठी ५, समुद्रासाठी १५. हिशेब असा की समुद्र अफाट, सगळे विरून जाईल. पण खाडी म्हणजे समुद्र नव्हे. ओहोटी जे घेऊन जाते त्यातले बरेचसे पुढची भरती परत आणून ठेवते, हे खाडीकाठच्या पोरालाही ठाऊक असते. चप्पल वाहून गेली तर आम्ही सहा तास वाट बघत बसायचो.

मेलेल्या माशांचा खच अनेकदा पडतो तो पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे. सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू तो वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. भयंकर दिसते, दुर्गंधी सुटते, छायाचित्र छापून येते. आठवड्याभराने भरतीबरोबर नवे पाणी येते, चार बोयटी उड्या मारताना दिसतात आणि लोक म्हणतात, सावरली खाडी. मोठे नुकसान याहून सावकाश होते आणि त्याला वास नसतो.

फ्रान्समध्ये आर्काशों नावाचा उपसागर कालवांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, शेतीसाठी प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे कालवांची पिल्ले धरेनाशी झाली, मोठ्या कालवांची शिंपली वेडीवाकडी जाड होऊ लागली. शोध घेता घेता बोट होड्यांच्या रंगाकडे गेले. होडीच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगात ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे संयुग असायचे. शंखातल्या काही गोगलगायींवर त्याचा परिणाम तर आणखी विचित्र: मादीला नराचे इंद्रिय फुटते, पुढे अंडी बाहेर पडायची वाटच बंद होते. यासाठी लिटरभर पाण्यात नॅनोग्रॅम-दोन नॅनोग्रॅम पुरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. गोगलगाय मरत नाही. खाते, पिते, खडकावर फिरते. चार दिवसांच्या परीक्षेत ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली असती. फक्त काही वर्षांनी त्या खडकावर गोगलगायी उरत नाहीत. फ्रान्सने लहान होड्यांसाठी हा रंग १९८२ मध्ये बंद केला. जगाचा करार व्हायला २००१ आणि तो लागू व्हायला २००८ उजाडले. आपल्या किनाऱ्यावर बंदरांजवळच्या शंखांतही हा विकार आढळलेला आहे.

धातूंची गोष्ट निराळी. ती मी वर्गात तुरटीवरून सांगायचे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती खाली बसते ना? नदीचे गोडे पाणी खाऱ्याला भेटते तिथे हेच काम समुद्राचे मीठ करते. तरंगणारे मातीचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाशी जातात. पारा, शिसे, तांबे हे धातू बऱ्याच अंशी त्या कणांना धरून वाहत आलेले असतात. म्हणजे वरून आलेल्या धातूंचा मोठा वाटा उघड्या समुद्रापर्यंत पोचतच नाही, खाडीच्या चिखलात मुरतो. बाटलीत पाणी भरून नेणाऱ्या साहेबाला तो सापडायचा नाही. आणि त्याच चिखलात, जिथे प्राणवायू नसतो तिथे, काही जिवाणू पाऱ्याचे मिथाइल पारा करतात. तो अंगात शिरला की सहज निघत नाही. लहान मासा मोठ्याच्या पोटात, मोठा आपल्या पोटात, आणि दर पायरीला प्रमाण चढते. जपानमधल्या मिनामाताचे नाव यामुळेच झाले. आधी मांजरे झिंगून पडू लागली, १९५६ मध्ये माणसांच्या आजाराची अधिकृत नोंद झाली, आणि पारा सोडणारी कारखान्यातली प्रक्रिया बंद व्हायला १९६८ साल लागले. तरंगून आलेल्या माशांनी तिथल्या माणसांना मारले नाही. जे जगले, जाळ्यात आले आणि ताटात पडले, त्यांनी मारले.

आता आमच्या थोरल्या काकूची गोष्ट. ओहोटी लागली की ती टोपली घेऊन गुडघाभर चिखलात उतरायची आणि बोटांनी चाचपून मुळे, म्हणजे चिखलात राहणारे शिंपले, वेचायची. घरी आणले की रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे ते पोटातली रेव टाकतात. मग सकाळी कांदा-खोबऱ्याचे वाटण. नव्वदच्या सुमारास एक दिवस तिने शिजवलेला टोपच्या टोप उकिरड्यावर नेऊन ओतला. "रॉकेल पिऊन आलेत मेले," म्हणाली. घरातल्या पुरुषांनी तिच्या नाकाची चेष्टा केली. मी सुट्टीला गेले होते, मीही हसले, याची आता लाज वाटते. खाडीत मासे पहिल्यांदा तरंगले ते त्यानंतर चार वर्षांनी.

काकूचे नाक शास्त्राच्या पुढे होते असे नव्हे. तिचे मुळे पुढे होते. शिंपल्यांतले जीव जागचे फारसे हलत नाहीत आणि दिवसभर पाणी गाळून त्यावर जगतात. पाण्यात जे असेल त्यातले बरेच त्यांच्या मांसात जमते. फिनॉलच्या जातीची काही रसायने तर इतक्या थोड्या प्रमाणात वास लावतात की जीव ठणठणीत असतानाही खाणाऱ्याला तो कळतो. अमेरिकेने १९८६ पासून किनारभरची कालवे आणि शिणाणे गोळा करून रसायने मोजण्याचा सरकारी कार्यक्रमच चालवला. आमची काकू ते काम बिनपगारी करत होती. तिची नोंद घ्यायला वही नव्हती एवढेच.

एक विसंगती राहून राहून टोचते. माशांची वीण व्हावी म्हणून राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. योग्यच आहे. पण पहिल्या सरींबरोबर कारखान्यांच्या आवारातले, नाल्यांतले आणि (गावकरी म्हणतात) मुद्दाम राखून ठेवलेलेही जे खाडीत उतरते, ते नेमके याच दिवसांत. जाळ्याला बंदी, नाल्याला मुभा!

पुणेकरांना यात काय, असे कोणी म्हणेल. मुळा-मुठेचे पाणी तर भीमेतून उजनी, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाते, तिकडच्या खाडीमुखाची काळजी आपण कधी केली नाही तो भाग वेगळा. पण सेनापती बापटांनी ज्या मुळशी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्याचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेला मिळते, धाटावच्या रासायनिक वसाहतीजवळून पुढे रेवदंड्याच्या खाडीत जाते. आपल्या डोंगरावरचा पाऊस आहे तो. शिवाय राष्ट्रीय हरित लवादाचे, म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांसाठीच्या न्यायालयाचे, पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच बसते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला या मच्छीमार समाजाच्या संघटनेने दाद मागितली ती याच पीठाकडे. खाडीकाठची माणसे रात्रीच्या एसटीने येतात आणि पुरावा विचारला की मेलेल्या माशांचे फोटो दाखवतात, कारण दाखवता येण्याजोगे तेवढेच त्यांच्याकडे असते. यंदा मुळे धरलेच नाहीत, याचा फोटो कसा काढणार?

पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, खडकवासल्याला भरती-ओहोटीचे गणित मांडणारे जलसंशोधन केंद्र आहे. समुद्रापासून इतक्या लांब असूनही या शहराला समुद्राचे बरेच कळते. नियंत्रण यंत्रणांनी पाण्याबरोबर तळाचा गाळ आणि शिंपल्यांचे मांस वर्षातून दोनदा तरी तपासावे, कालवांची किंवा कोळंबीची पिल्ले घेऊन त्यांच्या वाढीवर परीक्षा करावी आणि आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. यातले काहीही आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

आपल्याकडे मागणे लहान आहे. पुढच्या जूनमध्ये ती बातमी येईल तेव्हा जरूर छापा. पण वार्ताहराच्या वहीत नारळी पौर्णिमेनंतरची एक तारीखही लिहून ठेवा. त्या दिवशी त्याने ओहोटीच्या वेळी त्याच खाडीवर जावे, जूनमधल्या नमुन्यांचे काय झाले ते कार्यालयात विचारावे, आणि चिखलात कोणी बाई मुळे वेचताना दिसली तर तिच्या टोपलीत डोकावून बघावे. टोपली किती भरली आणि वास कसला येतो, एवढेच छापले तरी माझ्या फायलीत नवे कात्रण लागेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सहकारनगर, पुणे